गॅस बॉयलरवरचे सेंट्रल हीटिंग: गॅस कमी जाळून घर ऊबदार कसे ठेवावे?

कृष्णाकाठ (रेडिंग, इंग्लंड), ३ फेब्रुवारी २०२५

नमस्कार मंडळी,

गेल्या जुलैमध्ये आम्ही रेडिंगमध्ये १९३०च्या दशकात बांधलेले, एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक असलेले तीन बेडरूमचे घर विकत घेतले. त्याआधीची तीन वर्षे भाड्याच्या फ्लॅटमध्ये विजेच्या हीटरवर काढल्यामुळे गॅसचा बॉयलर, त्याच्या गरम पाण्याने खोल्या तापवणारे रेडिएटर आणि फरशीखालून फिरणाऱ्या नळ्या हा सगळाच प्रकार आम्हाला नवा आहे. साताऱ्याच्या घरी अंघोळीच्या पाण्यासाठी बंब होता आणि थंडीसाठी स्वेटर. पाण्यासारखे घरही तापवायचे असते, हे इथे येईपर्यंत माझ्या डोक्यात कधी आले नव्हते.

जानेवारीचे बिल आले तेव्हा मात्र हा विषय डोक्यातून जाईना. एका महिन्यात २,६०० युनिट गॅस जळला. जानेवारी २०२५ च्या ६.३४ पेन्स दराने त्याचे १६५ पौंड होतात आणि रोजचा स्थिर आकार त्याहून वेगळा. ऑफजेम ही इथली ऊर्जा नियामक संस्था २०२५ च्या हिशेबात मध्यम वापराच्या घरासाठी वर्षाला ११,५०० युनिट धरते, म्हणजे वर्षभराच्या गॅसचा पाचवा हिस्सा ओलांडून आम्ही एका महिन्यात पुढे गेलो आहोत.

घरातली व्यवस्था अशी आहे. स्वयंपाकघरात २८ किलोवॉटचा कॉम्बी (टाकीशिवाय रेडिएटर आणि नळ दोन्हींचे पाणी तापवणारा) बॉयलर असून तो सुमारे बारा वर्षांपूर्वी बसवलेला आहे. त्यावर दोन गोल खटके आहेत, एकावर रेडिएटरचे चित्र आणि दुसऱ्यावर नळाचे. आम्ही आलो तेव्हा दोन्ही अगदी शेवटच्या टोकाला फिरवलेले होते आणि मीही त्यांना हात लावलेला नाही. रेडिएटर एकूण नऊ आहेत. थर्मोस्टॅट खालच्या हॉलमध्ये, मुख्य दरवाजाच्या जवळ आहे आणि तो २१ वर असतो. हीटिंग सकाळी सहा ते नऊ आणि दुपारी चार ते रात्री दहा चालते. डिसेंबरपासून आई-बाबा आलेले आहेत. त्यांना वरची मागची खोली दिली आहे, ती उत्तरेकडची आहे आणि तिच्या बाहेरच्या कोपऱ्यात काळी बुरशी दिसू लागली आहे. दुसरीकडे आमच्या खोलीत रात्री खिडकी उघडावी इतके उकडते आणि स्वयंपाकघराला जोडून बांधलेली मागची खोली कधीच नीट तापत नाही.

शेजारचे आजोबा सांगतात की हीटिंग बंद करूच नये, दिवसरात्र मंद ठेवावे, तेच स्वस्त पडते. ऑफिसातला सहकारी नेमके उलटे सांगतो. रिकाम्या खोलीतले रेडिएटर बंद केले तर काही वाचते का, हाही प्रश्न आहे. नवा बॉयलर किंवा भिंतींचे मोठे काम यंदा परवडणार नाही. आहे त्याच यंत्रणेत, आई-बाबांना गारठू न देता, काय करता येईल?

यंत्रवेडा (मिल्टन कीन्स), ३ फेब्रुवारी २०२५

कृष्णाकाठ, तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या रेडिएटरचे चित्र असलेल्या खटक्यात आहे, म्हणून आधी त्याविषयी सविस्तर लिहितो. बाकीच्या गोष्टी नंतर केल्या तरी चालतील.

घराचे तापमान आणि रेडिएटरमधून फिरणाऱ्या पाण्याचे तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हॉलमधला थर्मोस्टॅट पहिली ठरवतो, बॉयलरवरचा खटका दुसरी. बिल कमी करायचे म्हटले की बहुतेक घरांत थर्मोस्टॅट एखाद्या अंशाने खाली येतो, दोन दिवसांनी कोणीतरी कुडकुडते आणि तो परत वर जातो. बॉयलरवरच्या खटक्याला मात्र बसवणाऱ्यानंतर कोणीच शिवत नाही. तुमचा खटका टोकाला आहे, म्हणजे पाणी ७५ ते ८० अंशांपर्यंत तापून निघत असणार.

यात बिघडते काय? इंग्लंडमध्ये २००५ पासून बसवलेले गॅस बॉयलर जवळजवळ सगळे कंडेन्सिंग प्रकारचे आहेत, तुमचाही तसाच असणार. गॅस जळताना पाणी तयार होते आणि ते वाफेच्या रूपाने धुराबरोबर बाहेर जाते. तुमच्या जानेवारीच्या हिशेबाने रोज सुमारे ८४ युनिट, म्हणजे साडेसात घनमीटर गॅस जळला. त्यातून रोज अकरा-बारा लिटर पाण्याची वाफ होते. जवळजवळ एक बादली पाणी तुम्ही रोज उकळून धुराड्यातून सोडून देता असे समजा, आणि ती वाफ करायला लागलेली उष्णता तुम्ही विकत घेतलेल्या गॅसचीच असते. आपल्या जुन्या बंबाच्या धुराड्यातून जाणारी ऊब कोणाला परत मिळत नसे. कंडेन्सिंग बॉयलरची करामत अशी, की रेडिएटरमधून फिरून परत येणारे पाणी पुरेसे थंड असेल तर तो धूर त्या पाण्याच्या नळ्यांवरून नेतो, वाफेचे पुन्हा पाणी होते आणि तिच्यातली उष्णता घरात परत येते. ते पाणी मग एका बारीक प्लॅस्टिकच्या नळीतून गटारात जाते. यासाठी परतीचे पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असावे लागते, आणि जितके खाली तितके चांगले. ८० अंशांनी निघालेले पाणी ६५ अंशांनी परत येत असेल, तर तुमच्याकडे कंडेन्सिंग बॉयलर आहे पण तो कंडेन्स करत नाही.

म्हणून आज रात्रीच तो खटका ६० वर आणा. त्यावर आकडे नसून नुसत्या रेघा असतील तर मधोमध ठेवा आणि बॉयलरच्या पुस्तिकेत पाहून घ्या. सरकारने २०२२ च्या डिसेंबरमध्ये जी बचतीची मोहीम काढली होती, तिच्यातही ७५ वरून ६० वर या, हाच सल्ला होता. घराचे तापमान तेवढेच राहते, गॅस मात्र काही टक्के कमी लागतो. आठवडाभर ६० वर घर नीट तापले तर ५५ करून पाहा.

आता एक अडचण सांगतो, कारण ती माहीत नसली की माणूस तीन दिवसांत खटका परत टोकाला नेतो. पाणी कोमट झाले की रेडिएटर उष्णताही कमी देतात. रेडिएटरवर छापलेली क्षमता तो खोलीपेक्षा ५० अंशांनी गरम असतानाची असते. हा फरक ३० अंशांवर आला की तो निम्मीच उष्णता देतो. तुमचे नऊ रेडिएटर मिळून अकरा-बारा किलोवॉटचे असतील असे धरू, तर ५५ अंशांच्या पाण्यावर ते सहाच्या आसपास देतील. जानेवारीत तुमच्या घराला रोज साधारण ६५ युनिट उष्णता लागली (गरम पाण्याचा गॅस आणि बॉयलरमधला तोटा मी वजा केला आहे). सध्या ती नऊ तासांत दिली जाते. सहा किलोवॉटने तेच काम व्हायला अकरा तास लागतील. म्हणजे कडक थंडीच्या दिवसांत हीटिंग सकाळी पाचला आणि दुपारी तीनला सुरू करा. तास वाढले म्हणजे खर्च वाढला असे घड्याळाकडे पाहून वाटते, पण मीटर तासांवर फिरत नाही.

याच हिशेबात आणखी एक गोष्ट दिसते. घराला सहा-सात किलोवॉट पुरतात आणि बॉयलर २८ चा आहे. कॉम्बी बॉयलर एवढा मोठा घ्यावा लागतो तो शॉवरसाठी, कारण धावते पाणी त्या क्षणीच तापवायचे असते. हीटिंगसाठी तोच बॉयलर पूर्ण ताकदीने पेटला की दोन मिनिटांत पाणी हवे तेवढे तापते, तो विझतो, पुन्हा पेटतो. बॉयलरजवळ उभे राहून दर तासाला तो किती वेळा पेटतो ते मोजा. दहा-बारा वेळा पेटत असेल, तर वार्षिक तपासणीला येणाऱ्या, गॅस सेफ या अधिकृत यादीत नोंदलेल्या माणसाला हीटिंगची कमाल क्षमता कमी करून द्यायला सांगा; बऱ्याच बॉयलरमध्ये ही सोय असते आणि त्याने शॉवरवर परिणाम होत नाही. हे काम स्वतः करू नका. खटके, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर ही आपली हद्द. बॉयलरचे झाकण उघडणे ही आपली नाही.

नळाच्या चित्राचा खटकाही ५० च्या आसपास आणा. नळाला ६० अंशांचे पाणी आणून त्यात थंड मिसळण्यात अर्थ नाही, शिवाय तुमच्याकडचे पाणी जड आहे आणि जास्त तापले की आतल्या नळ्यांत क्षार जास्त बसतो.

शेवटचा प्रश्न शेजारच्या आजोबांचा. त्यांच्या घराबाहेर मोठ्या पंख्याची एखादी पेटी आहे का, तेवढे पाहून सांगाल?

जुना_भाडेकरू (लंडन), ४ फेब्रुवारी २०२५

यंत्रवेडा यांचे म्हणणे तत्त्वतः मान्य आहे, परंतु सरसकट सगळ्यांनी खटका खाली आणू नये, म्हणून हा प्रतिसाद.

एक तर ज्यांच्याकडे गरम पाण्याची वेगळी टाकी आहे, त्यांचा बॉयलर टाकीतले पाणीही त्याच पाण्याने तापवतो. टाकीतले पाणी ६० अंशांपर्यंत जायलाच हवे, अन्यथा लीजिओनेला नावाचे जंतू वाढण्याची भीती असते. अशा घरात बॉयलर ६५ च्या खाली आणता येत नाही. कृष्णाकाठ यांच्याकडे कॉम्बी आहे, त्यामुळे त्यांना ही अडचण नाही, पण हा धागा वाचणाऱ्या प्रत्येकाकडे कॉम्बी असेलच असे नाही.

दुसरे म्हणजे आमचा अनुभव वेगळा आहे. आम्ही व्हिक्टोरियन काळातल्या, भरीव विटांच्या भिंतींच्या घरात राहत होतो. तिथे मी ५५ करून पाहिले, तेव्हा बैठकीची खोली रात्री नऊपर्यंत १७ च्या वर गेली नाही. घरात तान्हे मूल होते. चार दिवसांत मी ७० वर परत आलो आणि त्याबद्दल मला अजिबात अपराधी वाटत नाही. घरमालकाने वीस वर्षांपूर्वीचे अरुंद रेडिएटर बदलायला नकार दिला होता, तिथे पाण्याचे तापमान हाच एक उपाय हातात उरतो.

यंत्रवेडा (मिल्टन कीन्स), ४ फेब्रुवारी २०२५

टाकीचा मुद्दा मी लिहायलाच हवा होता, तो माझ्याकडून राहिला. धन्यवाद.

तुमच्या घराबाबत ७० योग्यच होते. मी तर पुढे जाऊन म्हणेन की तापमान ऋतूप्रमाणे बदलावे: ऑक्टोबरात ५०, बर्फ पडला की ६५, मार्चमध्ये पुन्हा खाली. बाहेरच्या हवेप्रमाणे हे काम आपोआप करणारी नियंत्रणे मिळतात, आणि २०१८ च्या एप्रिलपासून इंग्लंडमध्ये नवा कॉम्बी बसवताना असे नियंत्रण किंवा बचतीची तशीच दुसरी एखादी सोय लावणे बंधनकारक झाले. ज्यांच्याकडे ते नाही त्यांनी हाताने खटका फिरवला तरी बराच फायदा होतो. इथे वर्षातून दोनदा घड्याळे पुढेमागे करतात, त्या दोन रविवारी बॉयलरचा खटकाही पाहायचा, अशी मी सवय लावून घेतली आहे.

माघथंडी (एडिंबरा), ४ फेब्रुवारी २०२५

कृष्णाकाठ, बॉयलरचे वरच्या दोघांनी पाहिले आहे. मी बुरशीविषयी लिहिते, कारण ती केवळ बिलाची बाब नाही आणि आई-बाबा त्याच खोलीत झोपतात.

बुरशी थंड भिंतीवर येत असली तरी तिला लागणारे पाणी आपणच हवेत सोडतो. माझ्याकडे दर हिवाळ्यात सासूबाई आल्या की घरातली बाष्पाची पातळी दाखवणारे छोटे यंत्र पंचावन्न टक्क्यांवरून सत्तरीकडे जायचे. कारणे शोधायला लांब जावे लागले नाही. कुकरच्या शिट्ट्या, डाळ उकळणे, दोन वेळचा चहा, अंघोळीनंतर उघडे राहिलेले बाथरूमचे दार, आणि सगळ्यात मोठे म्हणजे रेडिएटरवर पसरलेल्या ओल्या साड्या, टॉवेल आणि चादरी. एका धुण्यातून दीड-दोन लिटर पाणी सहज खोलीत येते. ते पाणी घरातल्या सर्वांत थंड जागी जाऊन बसते, आणि तुमच्याकडे ती जागा म्हणजे उत्तरेकडचा कोपरा. शिवाय रेडिएटर कपड्यांनी झाकला की तो खोली तापवत नाही, कपडे तापवतो, आणि पुढचा सगळा हिशेब चुकतो.

आम्ही कपडे बाथरूममध्ये दोरीवर, दार लावून आणि पंखा चालू ठेवून वाळवायला लागलो. स्वयंपाकघरातला बाहेर हवा फेकणारा पंखा फोडणीपुरता न लावता भात-डाळ शिजून झाल्यावरही पंधरा मिनिटे चालू ठेवला. सकाळी दहा मिनिटे खिडक्या पूर्ण उघडल्या. "आधी तापवायचं आणि मग खिडक्या उघडायच्या, हा कुठला हिशेब?" असे सासूबाई रोज विचारत, आणि त्यांचा प्रश्न वरवर पाहता रास्तच होता. पण दहा मिनिटांत ओली हवा जाते आणि भिंती, फर्निचर यांत साठलेली ऊब तशीच राहते. खिडकी दिवसभर बोटभर उघडी ठेवली तर मात्र भिंतीही गार होतात. खिडकीच्या चौकटीत वर जी सरकती फट असते ती बंद करू नका. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटून असेल तर चार बोटे पुढे ओढा. आत्ता आलेली बुरशी बुरशीनाशकाने पुसून काढा, त्यावर रंग मारून झाकू नका.

तापमानाविषयी एवढेच, की जागतिक आरोग्य संघटना घरात किमान १८ अंश सुचवते आणि वृद्ध माणसांना त्याहून थोडे अधिक लागू शकते. माझ्या अनुभवाने साताऱ्या-पुण्याकडून आलेल्या सत्तरीच्या माणसाला बसल्या जागी २० ते २१ लागतात. तिथे काटकसर करू नका. पूर्ण घर २१ ला ठेवायची गरज मात्र नाही. त्यांच्या खोलीच्या रेडिएटरचे डोके (त्याच्या टोकाला असलेला आकड्यांचा फिरता खटका) ४ वर, तुमच्या खोलीचे २ वर, असे करता येते.

कृष्णाकाठ (रेडिंग), ५ फेब्रुवारी २०२५

सर्वांचे मनापासून आभार. यंत्रवेडा, तुमचा अंदाज अचूक निघाला. आजोबांच्या घरामागे पंख्याची मोठी पेटी आहे. गेल्याच वर्षी सरकारच्या ७,५०० पौंडांच्या अनुदानातून त्यांनी हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणारे यंत्र) बसवून घेतला, हे मला आज चौकशी केल्यावर कळले.

काल रात्री खटका ६० वर आणला. सकाळी रेडिएटरला हात लावून आईने बॉयलर बिघडल्याचे जाहीर केले, कारण हात ठेवता येत होता. घर मात्र आठ वाजेपर्यंत २० वर गेले होते.

माघथंडी, कपड्यांचे तुम्ही आमच्या घरात येऊन पाहिल्यासारखे लिहिले आहे. आता दोन शंका. आमच्या खोलीचा रेडिएटर २ वर ठेवूनही तिथे उकडते आणि मागच्या खोलीचा ५ वर असूनही कोमट असतो, हे कशामुळे? आणि रिकाम्या खोलीचे काय करावे?

यंत्रवेडा (मिल्टन कीन्स), ५ फेब्रुवारी २०२५

आजोबा त्यांच्यापुरते बरोबर आहेत. हीट पंप पाणी जितके कमी तापवेल तितका तो कमी विजेत जास्त उष्णता देतो, म्हणून तो मंद आणि सलग चालवणे योग्य. गॅसच्या बॉयलरचे तसे नाही. घरातून बाहेर जाणारी उष्णता आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असते. रात्री घर १६ पर्यंत उतरले तर तेवढे तास ती कमीच जाते, आणि सकाळी पुन्हा तापवायला लागणारा गॅस त्या बचतीपेक्षा कमी असतो. म्हणून रात्री बंद किंवा १६ वर, दिवसा वेळेप्रमाणे.

रेडिएटरच्या डोक्याविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. ते नळासारखे नसते. त्यावरचा आकडा म्हणजे खोलीचे तापमान: ३ म्हणजे साधारण २०. खोली तेवढी झाली की ते आपोआप बंद होते. ५ वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही. आणि ते जाड पडद्यामागे किंवा पलंगाच्या आड असेल, तर त्याला खोलीऐवजी त्या सांदीतले तापमान कळते. तुमच्या खोलीत २ वरही उकडत असेल, तर त्या डोक्यातली बारीक पिन अडकली आहे का ते पाहा. डोके फिरवून काढले की ती दिसते. बोटाने दाबल्यावर ती खाली जाऊन परत वर यायला हवी.

मागच्या खोलीचे कारण बहुधा वेगळे आहे. पाणी आळशी असते, ते सगळ्यात सोप्या वाटेने जाते. बॉयलरला जवळचे रेडिएटर जवळजवळ सगळा प्रवाह पिऊन टाकतात आणि नळ्यांच्या शेवटी असलेल्या रेडिएटरपर्यंत थोडेच पोहोचते. त्यातून जवळच्या रेडिएटरमधले पाणी थंड व्हायच्या आत परत येते, म्हणजे परतीचे तापमान वाढते आणि मी आधी लिहिलेले कंडेन्सिंगचे गणित बिघडते. उपाय म्हणजे सगळ्यांचा प्रवाह जुळवून घेणे.

रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाला प्लॅस्टिकची टोपी असलेला व्हॉल्व्ह असतो, त्याला लॉकशील्ड म्हणतात. हीटिंग बंद करून सगळे थंड होऊ द्या. सगळी डोकी पूर्ण उघडा. प्रत्येक लॉकशील्डची टोपी काढून तो छोट्या पान्ह्याने हलकेच बंद करत किती फेऱ्यांत बंद होतो ते लिहून ठेवा, म्हणजे बिघडले तर जसेच्या तसे करता येईल; मग सगळे पूर्ण उघडा. आता हीटिंग सुरू करून घरभर फिरा आणि रेडिएटर कोणत्या क्रमाने तापतात ते टिपा. आई-बाबांना एकेक मजला वाटून दिलात तर हे काम मजेत होते. जो पहिला तापतो त्याचे लॉकशील्ड बंद करून फक्त पाव ते अर्धी फेरी उघडा, पुढच्याचे थोडे जास्त, आणि सर्वांत शेवटी तापणाऱ्याचे पूर्ण उघडे ठेवा. मग दहा-पंधरा मिनिटे थांबून प्रत्येकाच्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या नळीचे तापमान पाहा. दोन्हींत बारा ते पंधरा अंशांचा फरक सगळीकडे सारखा आला की झाले. अवजार घाईत फिरवू नका; सुरुवातीच्या पाव फेरीतच बहुतेक फरक पडतो. माझा पहिला प्रयत्न एक अख्खा शनिवार घेऊन गेला होता.

हॉलमधल्या रेडिएटरकडे विशेष लक्ष द्या. थर्मोस्टॅट तिथे आहे. हॉल लवकर तापला तर बॉयलर बंद होतो आणि मागची खोली गारच राहते. उलट दरवाजातून वारा येऊन हॉल कधीच तापला नाही, तर सगळे घर भाजून निघेपर्यंत बॉयलर चालू राहतो. तुमच्या खोलीत उकडण्यात याचाही वाटा असेल. दाराची फट आणि पत्रपेटीची झडप ब्रशच्या पट्टीने बंद करा, काही पौंडांचे काम आहे. हॉलच्या रेडिएटरवर वेगळे डोके असेल तर ते पूर्ण उघडे ठेवा, नाहीतर ते आणि थर्मोस्टॅट एकमेकांशी भांडत बसतात.

मागचा रेडिएटर वरच्या बाजूने गार असेल तर आत हवा आहे. हीटिंग बंद असताना चावीने हवा काढा, फुसफुस थांबून पाणी आले की बंद करा, खाली फडके धरा. त्यानंतर बॉयलरवरचा दाब पाहा. थंड असताना तो १ ते १.५ बार असावा. पण तोच रेडिएटर खाली मधोमध गार आणि वर गरम असेल तर आत गाळ आहे. लोखंड गंजून झालेला तो काळा चिखल असतो. तो धुऊन काढून गंजरोधक द्रव घालण्यासाठी माणूस बोलवावा लागेल.

रिकाम्या खोलीचे डोके पूर्ण बंद न करता १ किंवा २ वर ठेवा आणि दार लावून घ्या. पूर्ण गार पडलेली खोली म्हणजे माघथंडी यांनी सांगितलेल्या ओलीला आमंत्रण. आणि घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे ना? नसेल तर बाकी सगळे सोडून आधी तो आणा.

जुना_भाडेकरू (लंडन), ६ फेब्रुवारी २०२५

एक छोटी भर. बारीक प्लॅस्टिकच्या ज्या नळीचा वर उल्लेख आला, ती घराबाहेरून जात असेल तर तिच्यावर ऊब टिकवणारे आवरण चढवून घ्या. २०१८ च्या मार्चच्या थंडीत ती गोठली, की बॉयलर बंद पडायचा आणि लोक दुरुस्तीवाल्याची दोन-दोन दिवस वाट पाहत बसायचे. गोठलीच तर कोमट पाणी ओता, उकळते नको. आणि माळ्यावर अंथरलेले लोकरीसारखे आवरण किती जाड आहे ते मोजा. सध्या २७० मिलिमीटर सुचवतात. आमच्याकडे फक्त १०० निघाले होते.

कृष्णाकाठ (रेडिंग), २६ फेब्रुवारी २०२५

तीन आठवडे झाले, म्हणून नोंद करून ठेवतो. खटका ५ फेब्रुवारीपासून ६० वर आणि १५ पासून ५७ वर आहे. हीटिंग सकाळी पाच आणि दुपारी तीनला सुरू होते. केवळ जानेवारीशी तुलना केली तर हवामानाचा फरक पडेल, म्हणून मी बाहेर ४ ते ६ अंश होते असे जानेवारीतले सहा आणि फेब्रुवारीतले सहा दिवस निवडून मीटरवरचे आकडे ताडून पाहिले. आधी सरासरी ८१ युनिट लागत होते, आता ६९ लागतात. यात पाण्याचे तापमान किती, दाराची पट्टी किती आणि आमच्या खोलीतली अडकलेली पिन सुटल्याचा वाटा किती, हे वेगळे काढणे मला जमलेले नाही.

रेडिएटर जुळवण्याचे काम दोन रविवार चालले. बाबांनी नऊही लॉकशील्डच्या फेऱ्यांचा तक्ता करून बॉयलरच्या दारावर चिकटवला आहे. बुरशी पुसल्यावर अजून परत आलेली नाही, कपडे बाथरूममध्ये गेले आहेत. माळ्यावरचे आवरण मोजले, ते १२० मिलिमीटर आहे.

मागच्या खोलीचा रेडिएटर मात्र लॉकशील्ड पूर्ण उघडूनही खाली मधोमध गारच आहे, म्हणजे गाळच असणार. गॅस सेफचा माणूस पुढच्या गुरुवारी येतो आहे. गाळ काढताना त्याच्याकडून बॉयलरची हीटिंगची क्षमताही कमी करून घेतो. सध्या बॉयलर तासाला नऊ वेळा पेटतो, नंतर किती वेळा ते मोजून इथे कळवतो.